'गहराई' (1980): जमीन विकली आणि घरातली मुलगी बोलू लागली

आसनगावहून मी बोलतेय. आपल्या जुन्या भयपटांच्या मालिकेत आज जो सिनेमा घेतलाय, त्याचं नाव ऐकून तुमच्यातले निम्मे विचारतील, हा कुठला? 'गहराई', साल 1980. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. माझं अडखळणं आणि मागून जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे तेवढे गाळलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

आधी या सिनेमात कोण कोण आहे ते ऐका. दिग्दर्शन अरुणा राजे आणि विकास देसाई यांचं. 'अरुणा-विकास' अशा जोडनावानं काम करणारी ही जोडी. 1976 साली त्यांनी विनोद खन्ना आणि शबाना आझमीला घेऊन 'शक' केला होता. लेखनात विजय तेंडुलकर. बापाच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, आई इंद्राणी मुखर्जी, मुलगा अनंत नाग, मुलगी पद्मिनी कोल्हापुरे. जमिनीचा राखणदार आहेत सुहास भालेकर. एक मांत्रिक अमरीश पुरी, दुसरे सुधीर दळवी. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, गाणी गुलजारांची.

सिनेमा हिंदी आहे, गोष्ट बंगळुरात घडते, पण ही यादी वाचताना आपण दादरच्या एखाद्या नाट्यगृहाबाहेरचा फलक वाचतोय असं वाटतं की नाही? अशा लोकांनी केलेला भयपट आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवा होता. पण भुताच्या सिनेमांच्या गप्पा निघाल्या की गाडी 'पुराना मंदिर'वर जाते, 'वीराना'वर जाते, फार तर रामगोपाल वर्माच्या 'रात'वर जाते. 'गहराई'च्या स्टेशनवर ती थांबतच नाही.

का थांबत नाही, त्याचं कारण त्या काळात आहे. ऐंशीचं दशक म्हटलं की हिंदी सिनेमाचे जाणकार नाक मुरडतात. आणि त्या दशकातला भयपट तर आणखी खालच्या पाटावर बसलेला. रामसे बंधूंनी 1972 साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' केला आणि त्यांचं दुकान सुरू झालं. 1980 मध्ये त्यांचेच 'सबूत' आणि 'गेस्ट हाउस' आले. त्याच वर्षी डॅनीनं स्वतः दिग्दर्शित केलेला 'फिर वही रात' आला, राजेश खन्नाला घेऊन. मग 1984 चा 'पुराना मंदिर' धो धो चालला आणि त्यापाठोपाठ 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाज़ा' अशी रांगच लागली. जुनी हवेली, ठाकुराच्या घराण्याला मिळालेला शाप, तळघरात झोपलेला राक्षस, शहरातून आलेली तरुण पोरं, मधेच एक विनोदी नोकर, शेवटी त्रिशूळ. ठरलेला स्वयंपाक.

मी रामसेंना हसणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहितीये. त्यांना आपला प्रेक्षक बरोबर कळला होता. जत्रेत तंबूतल्या सिनेमाला खाली घोंगडी अंथरून बसणाऱ्या माणसाला बारा आण्याची भीती आणि चार आण्याचं हसू हवं असतं, ते त्यांनी चोख दिलं. पण त्यांच्या सिनेमातलं भूत नेहमी लांबचं असायचं. दोनशे वर्षांपूर्वीचं, कुठल्या तरी राजाच्या काळातलं, धुक्यातल्या हवेलीतलं. सिनेमा संपला की घोंगडी झटकायची आणि घरी जायचं, भूत तिकडेच राहायचं.

'गहराई'तलं भूत मात्र कालपरवाचं आहे. आणि दुसरीकडून बघा, त्या वेळी समांतर सिनेमा जोरात होता, सामाजिक प्रश्न मांडत होता, पण तिथं भुताखेतांना प्रवेश नव्हता. म्हणजे रामसेंच्या प्रेक्षकाला 'गहराई'त हवेली सापडली नाही आणि समांतर सिनेमावाल्याला त्यात भूत सापडलं. दोघांनीही तो आपला मानला नाही. माझ्या मते तो विसरला गेला तो यामुळे.

आता गोष्ट. शेवट सांगणार नाही, घाबरू नका.

चेन्नबसप्पा नावाचा गृहस्थ बंगळुरात राहतो. शिस्तीचा, व्यवहारी, देवाधर्माच्या भानगडीत न पडणारा माणूस. गावाकडे त्याची जमीन आहे. तो ती एका साबणाच्या कारखान्याला विकतो. ती जमीन आयुष्यभर सांभाळलेला बसवा नावाचा राखणदार आहे. ही जमीन त्याला आईसारखी. तो कळवळून मालकाला सांगतो की विकू नका. मालकाला त्यात भावनेपलीकडे काही दिसत नाही. व्यवहार होतो, पैसे येतात, मालक शहरात परत येतो.

आणि मग घरातली शाळकरी मुलगी, उमा, विचित्र वागायला लागते. आधी वाटतं आजारी आहे. डॉक्टर होतात, औषधं होतात. मग तिचा आवाज बदलतो. ती बापाला अशा काही गोष्टी सुनवायला लागते की ज्या तिला माहीत असणं शक्यच नाही. बसवाच्या बायकोचा विषय निघतो. मालकाचं तिच्याशी काय होतं, तिचा शेवट कसा झाला, हे सगळं ती आईच्या आणि भावाच्या देखत बोलते.

इथं थांबून एक सांगते. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, सकाळच्या आसनगाव लोकलमध्ये, लेडीज डब्यात. आमच्याकडून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळते, तेवढी एक चैन. आजूबाजूला मटार सोलणं चाललेलं, कुणाची पोथी चाललेली, वाशिंदला चढणाऱ्या मैत्रिणीसाठी कुणी पिशवी ठेवून जागा धरलेली. भरपूर उजेड. अशा ठिकाणी भयपट बघून घाबरायचं म्हणजे अवघडच. तरीही तो प्रसंग चालू असताना मी फोन पालथा घातला. कारण मला भीती वाटत होती ती आता ही मुलगी काय बोलणार याची. तिच्या आईनं ते ऐकू नये असं वाटत होतं.

या सिनेमाची भीती नेमकी इथं आहे. लागूंचा चेहरा बघा त्या वेळी. भूत दिसल्यावर माणूस दचकतो तसा तो चेहरा नाही. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला कागद कुणी तरी बाहेर काढला की माणसाचा होतो, तसा आहे. आणि पद्मिनी कोल्हापुरे! त्या वेळी ती फार तर चौदा-पंधरा वर्षांची. त्याच वर्षी 'इन्साफ का तराज़ू'साठी तिचं एवढं नाव झालं की या कामाकडे कुणाचं नीट लक्षच गेलं नाही. ती ओरडते तेव्हा ठीक आहे, ओरडणं सगळ्यांनाच जमतं. ती शांत बसून बापाकडे बघते ना, तेव्हा अंगावर काटा येतो.

लोक म्हणतात, हे सगळं 'द एक्झॉर्सिस्ट'वरून आलं. 1973 साली विल्यम फ्रीडकिनचा तो सिनेमा आला आणि जगभर झपाटलेल्या मुलींची लाट आली, हे खरंच आहे. आपल्याकडेही त्याच वळणाचा 'जादू टोना' 1977 मध्ये येऊन गेला होता. पण फरक बघा. 'एक्झॉर्सिस्ट'मधला सैतान बाहेरचा आहे, थेट इराकच्या वाळवंटापासून त्याची चाहूल लागते. त्या घरानं त्याचं काही वाईट केलेलं नाही. 'गहराई'तलं जे काही आहे ते बापाच्याच खात्यावर जमा झालेलं आहे. ते येतं ते वसुलीला.

आता मी आसनगावात राहणारी बाई म्हणून हा सिनेमा कसा वाचते ते सांगते. कदाचित बंगळुरातल्या किंवा पुण्यातल्या माणसाला तो असा दिसणार नाही.

आमच्या तालुक्यात गेली पंधरा-वीस वर्षं जमीन हाच मुख्य विषय आहे. स्टेशनबाहेर पडलात की फलक वाचा. एनए प्लॉट, माहुलीच्या पायथ्याशी सेकंड होम, डोंगर दिसणारा बंगला. भातसा आमच्या तालुक्यात, तानसा आमच्या तालुक्यात, मुंबईचं पाणी इथून जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. 701 किलोमीटरच्या त्या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 2025 च्या जूनमध्ये सुरू झाला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना पैसे मिळाले. कुणी घर बांधलं, कुणी गाडी घेतली, कुणाचे भाऊ कोर्टात गेले. ते सगळं बोललं जातं. ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं, पण जे त्याच जमिनीवर जगत होते, त्यांचं फारसं कुणी बोलत नाही.

माझे आजोबा असेच. मुंबईच्या एका शेठची इथं आंब्याची वाडी होती. शेठचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आजोबांनी तिथं तीस वर्षं राखण केली. कलमं त्यांनी लावली, विहिरीचा गाळ त्यांनी उपसला, माझ्या वडलांचा जन्म त्या वाडीतल्या खोपटातला. एके दिवशी मोटार आली, दोन माणसं टेप लावून गेली, आणि पुढच्या महिन्यात कळलं की वाडी विकली. शेठनं दोन महिन्यांचा पगार दिला, एक धोतरजोडी दिली, आणि 'तात्या, तब्येत सांभाळा' म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. आजीला तर तो चांगलाच वाटायचा. पण हे माणसाचं नाही, कागदाचं आहे.

आपला सातबारा बघा. वरचा गाव नमुना सात, त्यात मालक कोण ते असतं. खालचा गाव नमुना बारा, त्यात पीक कोणतं ते असतं. आणि सातवर एक रकाना असतो, 'इतर अधिकार'. बोजा, कर्ज, कूळ, विहिरीतला हिस्सा, असलं सगळं तिथं नोंदवतात. 1948 चा कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं कायद्यानं मालक मानली गेली. पण कूळ कोण? जो खंड देतो, अर्धेलीनं करतो, तो कूळ. जो पगारावर आहे तो गडी. मग तो त्या मातीत तीस वर्षं राबलेला असो, कायद्याच्या लेखी तो कूळ होत नाही. 'इतर अधिकारा'च्या रकान्यातसुद्धा त्याचं नाव चढत नाही. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्यांवर तर घराखालची जागाच कागदावर दुसऱ्याची असते.

'गहराई'तला बसवा हा असा माणूस आहे. त्याच्याकडे कागद नाही, वकील नाही, पैसा नाही. मालकाला थांबवायचा एकही सरळ रस्ता त्याच्यासाठी उघडा नाही. मग गोष्टीत एक वाकडा रस्ता उघडतो. ज्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही, ते मालकाच्या लाडक्या लेकीच्या तोंडून बाहेर पडतं. मला विचाराल तर या सिनेमातलं भूत म्हणजे 'इतर अधिकारा'ची राहून गेलेली नोंद आहे.

आणि त्यात बसवाच्या बायकोचं प्रकरण उगाच घातलेलं नाही. जमिनीवरची सत्ता आणि जमिनीवर राबणाऱ्या बाईवरची सत्ता एकत्रच चालत आली, हे ठाणे जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. तलासरी, उंबरगाव हा भाग आठवा. तलासरी आता पालघर जिल्ह्यात आहे, 2014 पर्यंत ठाण्यातच होतं. तिथल्या वारल्यांनी 1945 साली जमीनदारांविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या, पुढे त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते सगळं लिहिलं. लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि त्या बदल्यात जन्मभर त्याच्याकडे राबायचं, याला लग्नगडी म्हणत. आणि त्या गड्याच्या बायकोवरही मालक आपलाच हक्क समजायचा. हा काही भयपट नव्हता, ही वहिवाट होती.

तेंडुलकरांना हे पक्कं माहीत होतं. आता एक गंमत सांगते, गंमत म्हणजे हसण्यासारखी नाही. 1980 याच साली तेंडुलकरांनीच लिहिलेला दुसरा सिनेमा आला, 'आक्रोश'. गोविंद निहलानींचं दिग्दर्शन. त्यात ओम पुरीचा लहान्या भिकू. आदिवासी मजूर. त्याच्या बायकोवर गावातल्या बड्या लोकांनी अत्याचार केला, तिला मारलं, आणि खुनाचा आरोप त्याच्यावरच ठेवला. वकील विचारतो, पोलीस विचारतात, आणि लहान्या जवळजवळ संपूर्ण सिनेमाभर एक शब्द बोलत नाही. 'आक्रोश'चं सगळ्यांनी कौतुक केलं, ते योग्यच होतं. आता त्याच्या शेजारी 'गहराई' ठेवा. तिथंही राबणारा माणूस आहे, त्याची बायको आहे, मालक आहे. एका सिनेमात अन्याय झालेला माणूस बोलतच नाही. दुसऱ्यात तो मालकाच्या घरात, मालकाच्या जेवणाच्या टेबलावर बोलतो. एक न्यायालयाची गोष्ट आहे आणि एक भुताची, पण प्रश्न तोच आहे: ज्याचं कुणी ऐकणार नाही त्यानं बोलायचं कसं? आणि अमरीश पुरी दोन्हीकडे आहेत. तिकडे सरकारी वकील, स्वतः आदिवासी असलेला. इकडे मांत्रिक.

लागूंचंही बघा. 1975 चा 'सामना' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. जब्बार पटेलांचा सिनेमा, लेखन तेंडुलकरांचंच. त्यात लागूंचे मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावला मारुती कांबळेबद्दल विचारत राहतात. एक नाहीसा झालेला माणूस, आणि त्याच्याबद्दल प्रश्न विचारणारा हा एकटा म्हातारा. पाच वर्षांनी 'गहराई'त तेच लागू आता खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला आहेत. आता प्रश्न त्यांना विचारला जातो. विचारणारी त्यांचीच मुलगी आहे. हे मनात ठेवून सिनेमा बघा, लागूंचं काम दुप्पट कळतं.

आता अडचणीची बाजू. ती सांगितल्याशिवाय मी हा भाग संपवणार नाही, कारण ती आमच्या गावात नुसती सिनेमाची बाजू नाही.

'गहराई'त करणी खरी आहे. डॉक्टर हरतात, मांत्रिक लागतो. एक ढोंगी, नीच मांत्रिक दाखवलाय हे खरं, पण दुसरा चांगला मांत्रिक मदतीला येतोच. म्हणजे मांत्रिक वाईट असू शकतो, मंत्र खरेच. आणि हे कोण करतंय? डॉ. श्रीराम लागू असलेला सिनेमा. नाक-कान-घशाचे सर्जन, 'देवाला रिटायर करा' असा लेख लिहून वादळ ओढवून घेणारे, दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला कायम पाठिंबा देणारे लागू! त्यांचाच चेन्नबसप्पा इथं विज्ञानाच्या बाजूनं उभा राहतो आणि गोष्ट त्याला खोटं पाडते.

मला हे खटकतं. माझ्या ओळखीत एका पाड्यावरची मुलगी होती, नववीतली. एकदम गप्प झाली, मग रात्री किंचाळायला लागली. घरच्यांनी भगताकडे नेलं. कोंबडं झालं, अंगारा झाला, मग मिरचीची धुरी झाली. तिला काय होत होतं ते शेवटी तिनं एका शिक्षिकेला सांगितलं. घरातल्याच एका माणसाबद्दल होतं ते. यापलीकडे तिच्याबद्दल सांगत नाही. पण 'अंगात आलंय' असं म्हटल्यावर घरातल्या कुणीच तिला 'बाळा, काय झालं?' असं विचारलं नव्हतं. भुताचं नाव घेतलं की विचारायची गरज संपते.

म्हणून हे स्पष्ट सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीनं बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. अठरा वर्षं त्या माणसानं त्याचा पाठपुरावा केला होता. आणि मानसिक त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, टेलिमानस, नंबर 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहून ठेवा, शेजारणीलाही द्या.

मग हा सिनेमा बघायचा का? बघायचा. पण तो कशाबद्दल खरा आहे हे समजून. करणीबद्दल तो खोटाच आहे. मुलीच्या तोंडून जे बाहेर येतं त्याबद्दल खरा आहे. उमाच्या घरातही बघा, सगळे तिच्यातलं ते काढून कसं टाकायचं याच्या मागे लागतात. ते जे बोलतंय त्याचं काय करायचं, हा प्रश्न बापाला सर्वांत शेवटी पडतो. दिग्दर्शकांनी हे किती जाणून केलं ते मी सांगू शकत नाही, पण पडद्यावर ते आहे.

आणखी दोन दोष सांगते. मधला मांत्रिकांचा भाग लांबलाय, तिथं सिनेमा रामसेंच्या गल्लीत शिरून येतो. आणि अमरीश पुरींच्या त्या प्रसंगांमध्ये एवढ्या लहान वयाच्या मुलीला ज्या पद्धतीनं दाखवलंय, ते आज कुणी मान्य करणार नाही, करू नये. तेव्हाही कुणी तरी थांबवायला हवं होतं. दिग्दर्शकांत एक बाई असूनही हे झालं, याचं जास्त वाईट वाटतं. याच अरुणा राजे यांनी पुढे 1988 मध्ये 'रिहाई' केला, बाईच्या बाजूनं इतका धीट सिनेमा त्या काळात दुसरा दाखवा.

आता हल्लीच्या पोरांना 'तुंबाड' फार आवडतो. 2018 चा, राही अनिल बर्वेचा. 2024 ला पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. त्यातही कोकणातला वाडा आहे, हाव आहे, बापाकडून लेकाकडे जाणारं पाप आहे. मला आनंदच आहे. पण भुताच्या गोष्टीतून मालमत्तेबद्दल बोलता येतं, हे अडतीस वर्षं आधी एका सिनेमानं करून दाखवलं होतं, तेही हवेली, पाऊस, सोन्याच्या मोहरा असलं काही न वापरता. बंगळुरातलं एक साधं घर, सोफा, जेवणाचं टेबल, आणि चार माणसं एकमेकांकडे न बघता बसलेली.

आमच्या घरची गोष्ट पूर्ण करते. वाडी विकली गेली तेव्हा आमच्याकडे कुणाच्या अंगात काही आलं नाही. शेठच्या घरीही काही झालं नसावं. आजोबा नंतर आठ वर्षं जगले. रोज संध्याकाळी त्या कुंपणापर्यंत चालत जायचे, आतल्या कलमांना मोहर आलाय का ते बाहेरूनच बघायचे आणि परत यायचे. आजीला सांगायचे, "यंदा तुडतुडा पडलाय, त्यांना फवारणीचं कळत नाही." बस, एवढंच. खऱ्या जगात बहुतेक बसवा असेच असतात. म्हणून कुणी तरी असा सिनेमा केला, ज्यात एकदा तरी मालकाला घरी बसून ते सगळं ऐकून घ्यावं लागतं, याचं मला मोल वाटतं.

तर 'गहराई' शोधा. प्रिंट जुनी आहे, आवाज मधेच घोगरा होतो, सांभाळून घ्या. शक्यतो एकट्यानं बघू नका. भीती वाटेल म्हणून म्हणत नाहीये, बघून झाल्यावर घरात बोलायला कुणी तरी हवं म्हणून म्हणतेय. आणि तुमच्या घरची जमीन कधी विकली गेली असेल, तर ती तेव्हा कोण राखत होतं, कोण कसत होतं, ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. जे ऐकाल ते मला कळवा, तुमच्या परवानगीनं आणि नावं वगळून आपण एक भाग फक्त त्यावर करू.

पुढच्या वेळी आपल्या मराठीतला, 1976 चा 'हा खेळ सावल्यांचा'. तो बऱ्याच जणांनी पाहिलाय, तेव्हा आधी पुन्हा बघून या, म्हणजे भांडायला मजा येईल. चला, येते मी.